फुकटच्या काळ्या फिती

डोंबिवलीच्या आमच्या घरात खिडकीखाली एक शिलाई मशीन होतं. त्यावर मी आयुष्यभर ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले, शेजारणींच्या मुलींचे परकर शिवले. आणि एका विमान कंपनीच्या युनियनसाठी काळ्या फिती शिवल्या. ब्लाउजचे पैसे मिळायचे, फितींचे कधीच मिळाले नाहीत. ते म्हणे चळवळीचं काम होतं. चळवळीला दोरा लागतो आणि मशीनला तेल लागतं, हे चळवळीतल्या एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं.

माझे यजमान त्या कंपनीच्या हँगरमध्ये कामाला होते. हँगर म्हटलं की लोकांना वाटायचं, हे इंजिनं खोलतात. ह्यांचं काम सीटचं. विमान देखभालीला आलं की खुर्च्या उचकटून बाहेर काढायच्या, जुनी कव्हरं उसवायची, नवी शिवून चढवायची, पडदे आणि गालिचे बघायचे. त्या खात्याला सगळे सीट शॉप म्हणायचे. आम्ही दोघंही ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी. ह्यांचे वडील जाळी विणायचे, त्यामुळे सुई ह्यांच्या हातात लहानपणापासून होती. नोकरी लागली तेव्हा सासऱ्यांनी अख्ख्या कोळीवाड्यात सांगितलं होतं की पोरगा विमानाला टाके घालतो.

युनियनचे पुढारी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊंचं नाव हँगरच्या कुठल्यातरी खात्यात होतं, पण त्या खात्यातल्या लोकांना त्यांचं तोंड फक्त गेटवरच्या मीटिंगला दिसायचं. नवरात्रात नाक्यावर त्यांच्या फोटोचं कापडी बॅनर लागायचं, त्यात देवी एका कोपऱ्यात आणि भाऊ मधोमध. सफारी सूट, खिशाला दोन पेनं. त्या पेनांनी कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

भाऊंकडे एकच हत्यार होतं, काळी फीत. कॅन्टीनचा चहा पाणचट झाला, लावा फिती. गणवेशाचं कापड उशिरा आलं, लावा फिती. मग ह्यांच्याबरोबर सीट शॉपमध्ये असलेला, आमच्याच गल्लीत राहणारा कमिटी मेंबर काळ्या सॅटिनचा तागा घेऊन यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "वहिनी, भाऊंनी तुमचंच नाव घेतलं." जसं काही मला सोन्याच्या बांगड्याच करून आणल्या होत्या.

फीत म्हणजे काय, कापायची आणि टाचणी लावायची. पण ह्यांना ते चालायचं नाही. दोन्ही कडा दुमडून शिव म्हणायचे. "आपली फीत आहे, सुतं लोंबलेली चांगली दिसत नाहीत." मी एकदा वैतागून विचारलं, "फीत लावली की मॅनेजरचं काय दुखतं?"

"निषेध असतो तो."

"आणि काम?"

"काम चालूच. काम बंद करायचं नाय, भाऊंचा आदेश आहे."

"मग विमान उडतं?"

"उडतं ना."

"वेळेवर?"

हे शिवलेल्या फितींची गड्डी लावायला लागले. मी हसत सुटले तेव्हा मात्र चिडले. म्हणाले, "तुला नाय कळायचं ते." मला चांगलंच कळत होतं. साहेब लोकांना फितींचा इतका धाक होता की एकदा एका साहेबाने ह्यांना विचारलं, तुमच्याकडे कोण वारलं?

ऐंशीचं दशक असंच फिती शिवण्यात गेलं आणि त्याने कोणाचं फारसं बिघडलंही नाही. नोकरी पक्की होती, पगार वेळेवर होता. आम्ही कर्ज काढून डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या, मुलं शाळेत जायला लागली. नव्वदनंतर मात्र वारं फिरलं. खाजगी विमानं आली, कंपनीला एकदम काटकसर सुचली, आणि एक दिवस हँगरमध्ये नोटीस लागली. सीट शॉप बंद होणार, ते काम बाहेर कंत्राटावर जाणार. ज्यांना नोकरी टिकवायची असेल त्यांनी ठरलेल्या तारखेच्या आत सही करून सामान चढवण्याच्या खात्यात जावं. बाकीच्यांचा हिशेब करून त्यांना घरी पाठवण्यात येईल.

काम हमालीचं होतं, खोटं कशाला बोलू. ज्याने विमानाला टाके घातले त्याने बॅगा उचलायच्या, हे ह्यांना लागलं. मलाही लागलं. पण पगार तोच राहणार होता आणि डोक्यावर कर्ज होतं. मी म्हटलं, करा सही. हे म्हणाले, भाऊ काय म्हणतात ते बघू.

भाऊ डोंबिवलीत आले. एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला होता, बायकांनाही बोलावलं होतं. भाऊंनी बटाटेवडे खाल्ले, हात रुमालाला पुसले आणि माईक धरला. "एकानेही सही करायची नाही! आपण फुटलो की संपलो. कंपनीला आपण कोर्टात खेचणार, आणि सीट शॉप आहे तिथेच राहणार." टाळ्या पडल्या. आमचा गल्लीतला कमिटी मेंबर तर उभा राहून घोषणा देत होता. मी मागून विचारलं, "आणि सही नाय केली आणि नोकरी गेली तर?"

पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. भाऊ हसले. लहान पोर काहीतरी गमतीचं बोललं की मोठी माणसं हसतात तसे. म्हणाले, "वहिनी, त्याआधी त्यांना माझ्या छातीवरून जावं लागेल." पुन्हा टाळ्या. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा नवराही होता. घरी जाताना सगळ्या वाटेने मला ऐकवलं, चारचौघांत असं बोलतात का, भाऊंना काय वाटलं असेल.

शेवटच्या तारखेला सकाळी ह्यांच्यासमोर डबा ठेवला. भीती वाटत होती मला, खरीखुरी. म्हटलं, "तुमच्या पाया पडते, सही करा. भाऊंना नका सांगू, कोणालाच नका सांगू."

"सगळे थांबलेत. मी एकटा फुटू?"

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे." डबा उचलला आणि निघाले. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

ह्यांनी सही केली नाही. सीट शॉपला कुलूप लागलं, आणि मग कळलं की शॉपमधल्या कमिटी मेंबरांनी शेवटच्या दुपारी एकेक करून जाऊन सह्या केल्या होत्या. आमच्या गल्लीतल्यानेही. भाऊंना कोणीतरी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "कोणीतरी आत राहून लढायला नको का?" आत राहून लढणारे हे वीर दुसऱ्या दिवसापासून बॅगा उचलायला लागले. भाऊंना तर सहीची गरजच नव्हती. युनियनच्या पदाधिकाऱ्याला असं सहजासहजी काढता येत नाही, कायद्याचं संरक्षण असतं. त्यांच्या छातीवरून कोणीही गेलं नाही. सगळे बाजूने गेले.

माणूस एवढं झाल्यावर निदान तोंड लपवतो. भाऊंनी सत्कार ठेवला! ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचा, ठाण्याला हॉलमध्ये, शाल आणि श्रीफळ देऊन. लढवय्ये म्हणाले त्यांना. हे पांढरा शर्ट घालून गेले, वाकून शाल घेतली आणि भाऊंशी हात मिळवला. मी खाली खुर्चीत बसले होते आणि मला स्टेजवर जाऊन तो माईक भाऊंच्या डोक्यात घालावासा वाटत होता. घालायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

माझी आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिने जन्मभर ठाण्याच्या बाजारात मासे विकले. शाल हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "मेलेल्या माशाला आमी बरफ लावतो गो, ताजा दिसाया. तुमचा तो युनियनचा भाऊ नुसता बरफवाला हाय." नारळाचं वाटण मी दुसऱ्या दिवशी कोळंबीच्या कालवणात घातलं. शाल ह्यांनी कपाटात घडी करून ठेवली.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. हे घरी बसले. सकाळी दाढी करून तयार व्हायचे आणि खिडकीत पेपर वाचत बसायचे. सीट शॉपचं काम कल्याणच्या एका कंत्राटदाराला मिळालं होतं, त्याने पत्र्याच्या शेडमध्ये मशीनं टाकली होती. त्याला हात हवे होते, आणि ते काम येणारे हात सगळे घरी बसले होते. त्याचा माणूस दोनदा येऊन गेला. हे म्हणाले, मी कंत्राटाचं काम करणार नाय, भाऊंना काय वाटेल. मग घराचे हप्ते थकले आणि एक दिवस हे मला न सांगता कल्याणला गेले. येताना रिक्षातून कव्हरांचा गठ्ठा आणला. नगावर मजुरी, आधीच्या पगारापुढे अगदीच भीक. तेच निळं कापड, तीच सीट, तेच विमान. माझं मशीन खिडकीपासून हलवून तिथे आम्ही त्या जाड कापडासाठी एक मोठं जुनं मशीन आणून बसवलं, आणि हे दिवसभर त्यावर वाकलेले असायचे.

त्यानंतर एका सकाळी दारात तोच कमिटी मेंबर उभा. काखेत काळ्या सॅटिनचा तागा. मला म्हणाला, "वहिनी, भाऊंनी तुमचंच नाव घेतलं."

"कशाविरुद्ध ह्या वेळी?"

"कंत्राटीकरण, वहिनी. बाहेरचे लोक येऊन आपलं काम खातात ना."

मी बाजूला झाले, म्हणजे त्याला आत मशीनवर बसलेला बाहेरचा माणूस नीट दिसावा. मांडीवर निळं कव्हर होतं. म्हटलं, "हे बघ, बसलेत खात." त्याने तागा ह्या काखेतून त्या काखेत घेतला. मी ताग्याला हात लावला नाही. वाटलं, आता तरी हे उठतील, आता तरी ह्याला दोन शिव्या घालून दाराबाहेर काढतील.

हे म्हणाले, "ठेव रे. संध्याकाळी घेऊन जा."

कव्हर बाजूला ठेवलं, निळा दोरा काढला, काळा ओवला. दिवसभर फिती शिवल्या, सगळ्या दोन्ही कडा दुमडून. मी जेवायला हाक मारली नाही. संध्याकाळी पाहिलं तर एक फीत ह्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बाहीला टाचणीने लावली होती. घरातल्या घरात, जुन्या शर्टाला.

कमिटी मेंबर आला. फिती पिशवीत भरल्या, आणि मग त्याची नजर ह्यांच्या दंडावर गेली. जरासा अडखळला, पण बोललाच. "ही पण द्या ना. फिती सभासदांपुरत्याच आहेत. तुमची मेंबरशिप आता..."

ह्यांनी टाचणी काढली. फीत हातावर ठेवून सारखी केली आणि त्याला दिली.