पाणीयोजना खलास

दोह्याच्या अल नस्र भागातल्या मराठी बायका हल्ली एकमेकींना सांगतात की शैलजा पहिल्यापासूनच पुढारी होती. काहीतरीच. शैलजाला पुढारीपणाचा सोस कधीच नव्हता. सोस होता तो तिच्या नवऱ्याला, देवव्रतला. आज नाशिक जिल्ह्यातल्या त्यांच्या तालुक्याच्या गावी नगराध्यक्षांच्या दालनाबाहेर जी पाटी आहे ती शैलजाच्या नावाची आहे, एवढं मात्र खरं. आणि ती पाटी लागली ती दोह्यातल्या एका फ्लॅटमध्ये झालेल्या भांडणामुळे.

शैलजा दुकानदाराची मुलगी. गावच्या पेठेत नानांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, मोटारपंपांचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तडक गल्ल्यावर जाऊन बसायची. गिऱ्हाईक आत यायचं, तिच्या डोक्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, "कोणी आहे का दुकानात?" ती म्हणायची, "मी आहे की." मग नाइलाजाने तिलाच विचारायचं, आणि पंप घेऊन जायचं. पुढे बी.कॉम. झाली, नाशिकला एका कारखान्यात हिशेब खात्यात लागली, आणि लग्न करून कतारला आली. देवव्रत गॅस कंपनीत इंजिनियर होता. पहिलं वर्ष तिने घरात बसून काढलं आणि वैतागली. मग वेस्ट बेमधल्या एका कंपनीत नोकरी धरली. इमारतींची देखभाल करणारी कंपनी, कामगार सगळे बरवा अल बराहाच्या वसाहतीत राहणारे. तिथल्या बसेस, मेस, बिघडलेले एसी, सगळ्याचं बजेट शैलजाच्या टेबलावरून जायचं. अकाउंटंट म्हणून लागलेली बाई फायनान्सची मुख्य झाली, तरी घरी येऊन पोळ्या तिच्याच हातच्या लागत.

तिचे साहेब जियाद, जॉर्डनचे. माणूस सरळ, पण सदा घाईत. कुठल्याही कामाबद्दल त्यांचा एकच प्रश्न, "शैलजा, खलास?" तिकडे खलास म्हणजे झालं, पुरं झालं, काम मार्गी लागलं. तीही म्हणायची, "खलास." इतक्या वर्षांत तो शब्द ऑफिसातून घरात कधी शिरला ते कळलंही नाही. ओवीचा, म्हणजे तिच्या मुलीचा, अभ्यास खलास. कपड्यांच्या घड्या खलास. देवव्रतही तसंच बोलायचा. दोह्यातलं कुठलंही मराठी घर घ्या, हाच प्रकार.

आता देवव्रतचं. त्याचे चुलते एकेकाळी त्याच गावात नगरसेवक होते, तेव्हापासून याच्या डोक्यात ते खूळ. तीन वर्षं तो इथे बसून तिकडची तयारी करत होता. गणपती मंडळाला टी-शर्ट, शाळेला पंखे, आणि दर वाढदिवसाला चौकात गॉगल घातलेला फोटो, खाली 'भावी नगराध्यक्ष'. माणूस वाईट नव्हता हो. गावची गटारं तुंबतात, पाणीयोजनेची टाकी बांधून, पंपाला वीज नाही म्हणून, चार वर्षं कोरडी उभी आहे, हे बोलताना त्याचा जीव खरंच तळमळायचा. आपल्याला कोणी साहेब म्हणावं असंही त्याला वाटायचं, आणि तसं वाटण्यात पाप नाही.

आणि मग आरक्षणाची सोडत निघाली. नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव.

देवव्रतचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस तो धड जेवला नाही. शैलजाला त्याची फार दया आली. तिने त्याच्या आवडीची डाळ-वांगी केली, तीही त्याने नुसती चिवडली. मग शिवराजचा फोन आला. शिवराज हा त्यांच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष. "दादा, वहिनी आहेत ना? मग अडलं कुठं? नाव वहिनींचं, कारभार तुमचा." आपल्याकडे हा इतका रुळलेला प्रकार आहे की त्यात कोणाला काही गैरही वाटत नाही. देवव्रतच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "शैला, तुला काही करायचं नाही. फक्त सही करायची."

शैलजा भेंडी चिरत होती. वाचल्याशिवाय तिने जन्मात कशावर सही केली नव्हती. तरी ती हो म्हणाली. नवऱ्याचं मन मोडवेना म्हणून हो म्हणाली असं ती सगळ्यांना सांगते, पण ते अर्धंच आहे. तिला स्वतःलाही हवंसं वाटलं होतं. ती कोरडी टाकी तिच्याही डोळ्यांत सलत होती. वसाहतीत एक दिवस टँकर उशिरा आला तर जियादसाहेबांसकट सगळ्यांना धारेवर धरणारी बाई ती. पण नवऱ्याचं स्वप्न असं आपल्या पदरात पडावं याची तिला लाज वाटली, म्हणून ती गप्प राहिली.

दोन शुक्रवार गेले आणि गावात पक्षाने महिलांचा मेळावा घेतला. शैलजा दोह्यातून व्हिडिओवर बोलणार होती. देवव्रतने भाषण लिहून दिलं, तिला काठापदराची साडी नेसायला लावली, मागे देवांचा फोटो येईल अशी खुर्ची ठेवली आणि स्वतः फोन धरून उभा राहिला. ओवी सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, यू लुक लाइक अ कॅलेंडर." भाषण ठीक झालं. माता-भगिनी झाल्या, आशीर्वाद मागून झाले. देवव्रत फोन बंद करणार, इतक्यात सभागृहातून एक म्हातारी उभी राहिली. लक्ष्मीबाई. भाजीबाजारात बसते, सगळं गाव ओळखतं. तिने माइक ओढून घेतला. "ते समदं ऱ्हाऊ दे, ताई. पाण्याच्या योजनेचं काय करनार, ते सांग."

भाषणात याचं उत्तर नव्हतं. देवव्रत फोनमागून खुणा करत होता, हात जोड, हात जोड. पण कोणी समोरून कामाचं विचारलं की शैलजाच्या तोंडून उत्तर जातंच. ती ऑफिसात बोलते तसंच बोलली. "काळजी करू नका. मी आले की सहा महिन्यांत पाणीयोजना खलास."

 सभागृहात मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. शैलजाला कळेना आपलं चुकलं काय. देवव्रतला कळलं आणि त्याने फोन बंद केला. गावात खलास म्हणजे दुसरं काय? संपवून टाकणं. माणूस खलास झाला म्हणजे मेला.

संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावभर. विरोधकांनी खाली ओळ टाकली, 'कतारच्या बाई पाणीयोजना मारायला येत आहेत.' नानांच्या दुकानात येऊन लोक विचारून गेले. ओवी म्हणाली, "मम्मा, यू आर ट्रेंडिंग," आणि आईचा चेहरा बघून तिने फोन पालथा ठेवला. शैलजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांनी चाळीस वर्षं ज्या पेठेत मान कमावला, तिथे आपली टिंगल चालली आहे, हे तिला सोसवेना.

शिवराजचा फोन आला तो स्पीकरवर. पक्षाने उमेदवारी अजून जाहीर केलेली नव्हती, वरचे लोक बिथरले होते. पण त्याच्याकडे तोडगा होता. "वहिनी, उद्या सांगून टाकू की व्हिडिओ बनावट आहे. हल्ली कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करतात, लोकांना पटतं. आणि यापुढं तुम्ही बोलायचं नाही. दादा बोलतील. तुम्ही बाजूला हात जोडून उभं राहायचं."

"बरोबर आहे," देवव्रत म्हणाला.

शैलजाला खरी चीड आली ती इथे. चूक तिची होती, तिने ती नाकारली नसती. पण ती जे बोलली तेच बोलली नव्हती म्हणायचं, आणि मग कधीच बोलायचं नाही? आज हे कबूल केलं तर पुढची पाच वर्षं आपण उमेदवार नाही, बॅनरवरचा फोटो असणार, हे तिला स्वच्छ दिसलं. ती म्हणाली, "व्हिडिओ खरा आहे, भाऊजी. मी खोटा म्हणणार नाही."

"मग तिकीट जाईल, वहिनी."

"जाऊ दे."

देवव्रत तिच्याकडे बघतच राहिला. जाऊ दे म्हणायला तिकीट हिच्या एकटीचं होतं का? त्याने फोन उचलला, शिवराजला "नंतर बोलतो" म्हणाला आणि तिच्यावर बरसला. तीन वर्षं घाम मी गाळला, एका शब्दाने तू माती केलीस, आणि आता वर ताठा? शैलजाने ऐकून घेतलं. त्याचा राग खोटा नव्हता, तिला तो समजत होता. तरी तिने नानांना फोन लावला आणि लक्ष्मीबाईंचा नंबर मागितला.

"मावशी, मी नानांची शैला. आज मी बोलले ते…"

"आगं, कळलं मला," लक्ष्मीबाई म्हणाली. "माजा पुतन्या सौदीला व्हता, त्यो पन असाच बोलायचा. जेवन खलास, आंघोळ खलास. मला शब्दाचं घेनंदेनं नाय. पानी येनार का नाय, त्ये बोल."

"आत्ता सांगता येणार नाही, मावशी. कागद बघितल्याशिवाय मी मुदत द्यायला नको होती. ते माझं खरं चुकलं."

 मग म्हातारी म्हणाली, "ह्ये समद्यास्नी सांग."

शैलजाने नवा व्हिडिओ करून सांगितलं. घरच्या पंजाबी ड्रेसमध्ये, ओट्यापाशी उभी राहून. या वेळी फोन ओवीने धरला. शब्द माझाच आहे, इथे त्याचा अर्थ पूर्ण करणं असा होतो, आपल्याकडे काय होतो ते बोलण्याच्या भरात विसरले. सहा महिने म्हणाले तेही माहिती न घेता म्हणाले. टाकी उभी आहे, पंपाला वीज का नाही मिळाली हे आधी विचारीन, मग तारीख सांगीन. बस. मत मागायचंही ती विसरली.

शिवराजने कपाळावर हात मारून घेतला. पण बाजारातल्या बायकांनी तो व्हिडिओ एकमेकींना पाठवायला सुरुवात केली, आणि आठवड्याने पक्षाने उमेदवारी दिली ती शैलजालाच. वरच्यांना तत्त्वाबित्त्वाशी काही घेणं नव्हतं. वारा कुठला आहे ते त्यांना कळतं.

ती बातमी आली त्या दिवशी देवव्रत कामावरून लवकर आला. येताना मिठाई आणली होती. सगळं विसरून तो मनापासून खूश झाला होता, हेही सांगायला हवं. जेवताना त्याने बेत मांडला. तो बिनपगारी रजा काढणार, ओवीला त्याच्या बहिणीकडे पुण्याला ठेवायचं, दोघांनी मिळून जायचं. "लोकांशी मी बोलतो. तू थकशील. निवडून आल्यावरही ऑफिसात मी बसेन, तू फक्त…"

"अहो," शैलजा म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा."

त्याला वाटलं ती चेष्टा करते आहे.

"ओवीचं दहावीचं वर्ष आहे. तिची शाळा आता हलवायची नाही. तुमची नोकरी चालू राहिली पाहिजे. तुम्ही तिथे आलात की सगळे तुमच्याशीच बोलणार आणि मला चहा विचारणार. मी एकटी जाते."

देवव्रतने घास खाली ठेवला.  "शैला, हे माझं होतं."

"माहीत आहे मला. मलाही वाईट वाटतंय." तिचे डोळे भरून आले, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत.

"लोक काय म्हणतील? नवऱ्याला आणि पोरीला परदेशात टाकून बाई राजकारण करायला आली?"

"तुम्ही उभे राहणार होतात तेव्हा मी कुठे राहणार होते?"

 तीन वर्षं ते ठरलेलंच होतं. तो तिकडे, ही इकडे, हिच्या पगारावर घर आणि ओवीची शाळा. इतकं ठरलेलं, की त्याने ते तिला कधी विचारलंही नव्हतं. ओवीच्या डब्याचं काय, शैलजा एकटी असताना रात्री-अपरात्री पोर आजारी पडली तर काय, लोक काय म्हणतील, यातला एकही प्रश्न या टेबलावर कधी निघाला नव्हता.

ओवी एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती. ताटातला भात गार झाला.

शेवटी देवव्रत म्हणाला, "पोळ्या मला येत नाहीत."

"भात करा," शैलजा म्हणाली.