सरळ चालणारा पाय

वरंधचा सहदेव मुंबईला गेला तो गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायला. पण दुपारच्या सुट्टीत त्याला फुटबॉल खेळताना साहेबाने पाहिलं आणि थेट गिरणीच्या संघात घेतलं. नाव साचेखात्यात, काम मैदानावर. घाटात वाढलेला गडी, उजव्या अंगाने चेंडू घेऊन निघाला की भलेभले मागे राहायचे.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात एका सामन्यात, कोणाचा धक्काही न लागता, त्याचा गुडघा गेला. बूट चिखलात रुतला. अंग वळलं, पाय वळला नाही. आत काहीतरी तुटल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. गिरणीच्या डॉक्टरने मुरगळलंय म्हणून पट्टा बांधला. सूज उतरली, सहदेव नीट चालू लागला, पुन्हा मैदानात उतरला आणि पहिल्याच वळणाला कोसळला. विश्रांती घ्यायची, उतरायचं, पडायचं, असं वर्षभर चाललं. शेवटी साहेबाने त्याला साच्यावर पाठवलं. तिथे पाळीभर उभं राहवेना. तो गावी परतला. संघातली त्याची जागा पोलादपूरच्या गोमाजीला मिळाली.

गावात निराळाच ताप. सरळ रस्त्यावर सहदेव इतरांसारखाच चालायचा. बांधावरून वळताना मात्र गुडघा निसटायचा आणि तो आडवा व्हायचा. त्याचे वडील मालोजी सगळ्यांदेखत म्हणायचे, मुंबईची हवा लागली, मातीत हात घालायला नको. बायको बनुबाई त्याला महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेली. दुखणं थोडं हटलं, निसटणं तसंच राहिलं.

अखेर महाडच्या गंगाधर डॉक्टरांनी त्याची नडगी धरून पुढे ओढली, तर ती टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली.

"हाडं धरून ठेवणारा आतला बंध तुटलाय," ते म्हणाले. "तो आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रिया करतात कुठे कुठे, पण पुन्हा खेळता येईल असं कोणी सांगणार नाही. त्या वेळी आला असतास, तर निदान मी तुला परत मैदानात उतरू दिलं नसतं. त्यानेच गुडघा जास्त खराब झाला."

सहदेवने घरी येऊन हे सगळं वडिलांना सांगितलं. मालोजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "पाय तर सरळ पडतो तुझा." त्यानंतर सहदेवने कोणाला समजवायचं सोडलं.

पुढे दोनएक वर्षांनी कळलं की गोमाजी गुडघा सुजवून पोलादपूरला आलाय. इतके दिवस सहदेव त्याचं नावही घेत नव्हता. पण दुसऱ्याच सकाळी तो एसटीने पोलादपूरला गेला. गोमाजीचा गुडघा अजून लाल होता. कसं झालं ते त्याने सांगितलं, तेव्हा सहदेवला वाटलं आपलीच हकीकत ऐकतोय.

"आवाज आला होता?" त्याने विचारलं.

"आला. पण गिरणीचा डॉक्टर म्हणतो, सूज उतरली की खेळ."

"सूज उतरली म्हणजे बरा झाला असं नाय रे. आता खेळलास तर पुरता जाईल. आधी महाडच्या डॉक्टरला दाखव."

गोमाजीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुझी जागा गेली, म्हणून माझी बी जावी असं वाटतं तुला."

पहिल्या वर्षी सहदेवला खरंच तसं वाटलं होतं. तो उठून निघाला.

गोमाजी मुंबईला गेला, खेळला, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर कायमचा परत आला. बातमी ऐकून सहदेव भडकला. गोमाजीवर, गिरणीवर, सगळ्यांवर. आपलं म्हणणं खरं ठरलं याचाही त्याला रागच आला. भेटायला जायचं नाही असं त्याने ठरवलं. बनुबाईने दोनदा सुचवलं, तर तिच्यावरही खेकसला.

पण शिमग्याला गोमाजी स्वतःच वरंधला आला. दोघे अंगणात बसले. गिरणीचा विषय कोणी काढला नाही. मग गोमाजीने खाली बघत विचारलं, "उतार कसा उतरतोस?"

"आडव्या अंगाने, एकेक पाऊल टाकत," सहदेव म्हणाला, आणि दाखवायला उठला.