कोलशेतच्या टर्फवर रेफरीने घेतलेल्या प्रतिक्रिया

गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी कोलशेतच्या टर्फवर बारा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल सामना निकालाविना संपला. पाऊस नव्हता, कोणी जखमी नव्हतं, पालकांमध्ये मारामारीही झाली नाही. गोल झाला की नाही, याबाबत रेफरी दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रिया घेत असताना भाड्याने घेतलेल्या टर्फची वेळ संपली. रेफरी मी होतो.

पार्श्वभूमी अशी. माझी सगळी नोकरी वृत्तपत्राच्या बातमीकक्षात झाली. स्वेच्छानिवृत्तीनंतर डोंबिवलीच्या घरात माझ्याकडे एकच काम उरलं: सकाळचा पेपर वाचून त्यातल्या चुका बायकोला मोठ्याने सांगणं. एकदा ती म्हणाली, "अहो, चुकाच काढायच्यात ना? मग बाहेर जाऊन काढा." त्याच आठवड्यात मुलांच्या एका हौशी लीगला रेफरी हवे असल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला. मी फुटबॉल शेवटचा शाळेत खेळलो होतो, तोही राखीव खेळाडू म्हणून. अर्ज केला.

प्रशिक्षण ठाण्यातल्या एका शाळेत झालं. लीग चालवणाऱ्या बाई निवृत्त पीटी शिक्षिका आहेत. त्यांनी फळ्याकडे न जाता सांगितलं, "शिट्टी आधी, शंका नंतर. दिसलं नाही तर झालं नाही. आणि मैदानात कुणाला काही विचारायचं नाही." लेखी परीक्षेत मी पहिला आलो. प्रात्यक्षिकात बाईंनी माझी शिट्टी ऐकली आणि विचारलं, "अहो, ही शिट्टी आहे का दमा?"

मग मी सोसायटीच्या गच्चीवर सराव सुरू केला. आमच्याकडे पाण्याचा टँकर आला की वॉचमन शिट्टी मारतो. तिसऱ्या दिवशी शिट्टी पहिल्यांदा खणखणीत वाजली आणि खाली दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

"टँकर कुठाय?"

"टँकर नाही. मी रेफरी होतोय."

"या वयात?" असं म्हणून त्या आत गेल्या.

बाईंची अट साधी होती. तीन सामने बघणार, मग ठेवायचं की नाही ते सांगणार. मला राहायचं होतं. रविवारी सकाळी काळा शर्ट घालून जिना उतरताना कोणी "कुठे निघालात?" विचारलं, तर आता माझ्याकडे उत्तर होतं. निवृत्तीनंतर ते नव्हतं.

पहिला सामना इतका एकतर्फी झाला की रेफरीची गरज पडली नाही. दुसऱ्यात माझ्यापेक्षा एका गोलरक्षकाची आई जास्त धावली. तिसरा कोलशेतचा.

शेवटच्या मिनिटांत बरोबरी होती. निळ्या संघातल्या मुलाने लांबून मारलेला चेंडू वरच्या दांड्याला लागून सरळ खाली पडला. पिवळ्या संघाची गोलरक्षक, दोन वेण्या घातलेली मुलगी, चेंडूवर झोपली. निळे ओरडले, "गोल!" पिवळे ओरडले, "नाही!" मी मैदानाच्या मध्यावर गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेत होतो. मला काही दिसलं नव्हतं. नियमानुसार गोल नव्हता, खेळ चालू ठेवायचा होता. मी शिट्टी वाजवली, चालत गोलपोस्टपाशी गेलो आणि मुलीला विचारलं, "नेमकं काय घडलं?"

ती म्हणाली, "सर, रेफरी तुम्ही आहात ना?"

"तुझी बाजू सांग."

"हाफ बाहेर होता सर."

मी निळ्या मुलाकडे वळलो. त्याने गळ्याची चिमूट धरली. "आईशप्पथ सर, फुल आत होता!"

"ए, खोटी शप्पथ घेतो! मरेल ना तुझी आई!"

"माझी आई तिकडे बसलीय, चहा पितेय!"

दोन परस्परविरोधी दावे झाले. आता त्रयस्थ सूत्र हवं होतं. एका वडिलांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं. त्यात पूर्ण वेळ त्यांचा मुलगा होता, आणि तो दुसऱ्या टोकाला बुटाची नाडी बांधत होता. मध्यरेषेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत टर्फचे मालक बसले होते. त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत इथेच होतं. गावातले तंटे आजही त्यांच्यापुढे येतात. मी त्यांच्याकडे गेलो.

"मना नको इचारू," ते म्हणाले. "मी फोनवर व्हतू."

मागून वेण्यांवाली मुलगी आपल्या मैत्रिणीला म्हणाली, "हे आता वॉचमनला पण विचारणार."

विचार माझ्या मनात होता. वॉचमन गेटवरच होता आणि गेट उघडत होता. पुढच्या तासाचं बुकिंग एका ऑफिसच्या क्रिकेट संघाचं होतं. बॅटा घेऊन माणसं आत आली. "चलो काका, टाइम हो गया," त्यांच्यातला एक म्हणाला आणि त्याने माझ्या पायाशी स्टंप ठेवले. टर्फवर तासाचे पैसे आगाऊ भरलेले असतात. तिथे नियमपुस्तक चालत नाही. मुलं बाटल्या उचलून निघाली. निळा मुलगा आणि गोलरक्षक गेटपर्यंत भांडत गेले.

बाई शेवटपर्यंत जाळीबाहेर उभ्या होत्या. मी जवळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "मी काय शिकवलं होतं?"

मी तिन्ही वाक्यं शब्दशः सांगितली.

"पाठ आहे तर," त्या म्हणाल्या. "मग?"

"एकाच बाजूवर निर्णय देणं बरोबर वाटलं नाही."

"तुम्हाला बाजू कोणी मागितली? निर्णय मागितला होता." त्या निघाल्या. "संध्याकाळी कळवते."

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. दोन्ही संघांना एकेक गुण देण्यात आला होता. माझ्याबद्दल खाली एक ओळ होती.

त्याच्या पुढच्या रविवारपासून मी डोंबिवलीशेजारच्या कोपरला आठ वर्षांखालील मुलांचे सामने घेतो. त्या गटात गोल मोजत नाहीत.