सायकलच्या दुकानाएवढी कोरी जागा

माझ्या नणंदेची लेक ठकी फोटोग्राफी शिकायला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मला वाटलं, पोर लग्नाबिग्नाचे फोटो काढायला शिकेल, पोटापाण्याला लागेल. कसलं काय! बाईसाहेब सकाळी सकाळी फुटपाथवर स्टँड लावून उभ्या. समोर कोण, तर छत्र्या दुरुस्त करणारे काका. मी विचारलं, "अगं, यांच्यात काय बघण्यासारखं आहे?" तर म्हणते, "मामी, तू रोज त्यांच्यासमोरून जातेस. त्यांच्या दाराचा रंग सांग." मला काही सांगता येईना. तेव्हापासून मी तिच्या नादी लागायचं सोडून दिलं.

शेवटच्या वर्षाच्या कामाला तिनं आमचा मुख्य रस्ता धरला होता. कॉलेजच्या फाटकापासून चौकापर्यंत एका बाजूचं प्रत्येक दुकान, समोरच्या फुटपाथवरून, सारख्याच अंतरावरून, आणि मालक उंबऱ्यावर उभा. मग हे फोटो भिंतीला भिंत लावून एकच लांबलचक पट्टी करायची. रस्ता बदललाय हे कुणीही सांगेल. जुनं थिएटर पाडून तिथं पत्रे ठोकलेत, आणि जिथं वह्या मिळायच्या तिथं आता काचेमागे बसून मुलं एका कॉफीवर दुपार काढतात. ठकी म्हणायची, "नुसतं हळहळून काय होणार? कुणाच्या शेजारी कोण होतं, हे तरी राहू दे."

आता पोरगी हुशार, म्हणून तिनं आधी जाणाऱ्यांना गाठलं. जुन्या पुस्तकांचं दुकान उठणार होतं, त्याचा फोटो पहिला. मग शिंप्याचा, मग टायपिंगच्या क्लासचा. तिचं म्हणणं बरोबर होतं, राहणारे कुठं पळून चाललेत? पण रस्त्याला काय दिसलं? पोरीनं फोटो काढला की दुकान बंद! झालं. कुणी पनवती म्हणालं, कुणी पांढऱ्या पायाची म्हणालं. स्टेशनरीवाला तर ती लांबून दिसली की शटर ओढून घ्यायचा आणि ती गेली की पुन्हा वर करायचा. माझं डोकं असं तापलं! भर रस्त्यात मी त्याला म्हटलं, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, तर कावळ्याला फाशी देता का हो?" लोक हसले. शटर खालीच.

ठकी रडेल असं मला वाटलं होतं. छे! ती थेट शिंप्याच्या घरी गेली, त्याला सायकलवर डबलसीट घालून घेऊन आली आणि दारोदार फिरवलं. शिंपी बिचारा प्रत्येकाला सांगत होता, "अहो, माझे गुडघे गेले तेव्हाच बंद करायचं ठरवलं होतं. ही तर नंतर आली." मग एकेक जण बाहेर यायला लागला. स्टेशनरीवाल्यानं तर नवा शर्ट घालून फोटो काढून घेतला, आणि वर मलाच विचारतो, "वहिनी, बरा दिसतो ना?"

राहिलं एकच दुकान. सायकलचं. म्हणजे आमचंच.

आमचे हे त्या दुकानात आयुष्यभर बसलेत. या गावात शिकून गेलेल्या निम्म्या पोरांची चाकं ह्यांनी सरळ केली असतील. पण आता कॉलेजची पोरं गाड्यांवरून येतात, सायकली भाड्यानं नेणारं कुणी उरलं नाही. दुपारभर गिऱ्हाईक आलं नाही की हे रिकाम्या चाकाला हातानं फिरवत बसतात. ठकीनं विचारलं तेव्हा मान वर न करता म्हणाले, "माझा विश्वास नाही गं असल्या गोष्टींवर. पण विषाची परीक्षा कशाला घ्या?"

"भाचीला दोन वेळा जेवायला वाढता आणि फोटोला नाही म्हणता?" मी घरी गेल्यावर चांगलीच भांडले. ह्यांनी पुन्हा भात मागून घेतला.

तिच्या सरांनी तर बजावूनच ठेवलं होतं, पट्टी अखंड पाहिजे, मधे तुटली तर वर्ष गेलं समज. मी तिला बाजूला घेऊन युक्ती सांगितली. "हे पंक्चर काढायला खाली बसले की समोरून गुपचूप काढून टाक. कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना मामी," ती म्हणाली. "सगळे माझ्याकडे बघत उभे आहेत. मामा एकटाच चोरलेला कशाला?" आणि ह्यांच्यापुढं जाऊन म्हणाली, "मामा, तुझी जागा मी कोरी सोडते. राग नाही." वर्ष पणाला लागलेलं, आणि ही बया शांत! मला तिचा अभिमान वाटला आणि दोन धपाटे घालावेसेही वाटले.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी पट्टी थिएटरच्या पत्र्यांवर लागली. अख्खा रस्ता लोटला. जो तो आधी स्वतःला शोधत होता, मग शेजाऱ्याला नावं ठेवत होता. पुस्तकवाले मुलाच्या गावाहून खास आले होते, स्वतःच्या फोटोसमोर उभं राहून जुन्या गिऱ्हाइकांना पुस्तकांच्या किमती सांगत होते. दुपारी हेही आले, हाताला ग्रीस तसंच. एकेका दुकानापुढं थांबत, हसत, चालत राहिले. शिंपी आला. शिंप्याच्या पुढं आमच्या दुकानाच्या रुंदीचा पांढरा कागद. त्याच्या पुढं औषधांचं दुकान.

शेजारी कॉलेजची एक मुलगी उभी होती, नवीनच असावी. तिनं कागदाकडं बोट करून ह्यांनाच विचारलं, "काका, इथलं दुकान बंद झालं का हो?"

ह्यांचा चेहरा पडला. मागं वळून त्यांनी पुन्हा पट्टी पाहिली. पुस्तकवाले दारात उभे, शिंपी दारात उभा, टायपिंगच्या बाई दारात उभ्या. बंद पडलेली सगळी दुकानं उघडी होती, आणि चालू असलेलं एकच तेवढं नव्हतं.

"बंद?" हे केवढ्यांदा ओरडले! "चालू आहे ते! चल, दाखवतो. ठकेऽ, उचल तो कॅमेरा!"

ती मुलगी बिचारी घाबरली, पण आलीच मागोमाग. तिच्या मागं निम्मा रस्ता आला. ठकीनं समोरच्या फुटपाथवर स्टँड लावला. हे उंबऱ्यावर ताठ उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू काय बघतेस? ये इकडं. मी जेवायला गेलो की गल्ल्यावर कोण बसतं?"

मी गेले. रस्त्यात उभं राहून लोकांना अक्कल शिकवणारी मी, तिथं उभी राहिले आणि नजर कॅमेऱ्यावरच खिळली. समोर ती काळी काच. मनात आलं, पोरी, नको गं काढूस. राहू दे. हे दुकान गेलं तर हा माणूस सकाळी उठून जाईल कुठं? मी ह्यांची बाही घट्ट धरली.

"मामी, बाही सोड," ठकी पलीकडून ओरडली. "फोटोत दिसतेय!"

"दिसू दे," मी म्हटलं. "काढ."