दिवे लागलेले आणि दारावर ऊन

आमच्या गल्लीत पक्की खबर आहे की आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी लुंबिनीताई जमिनीतलं पाणी बघते. सकाळी सकाळी ती औसा रोडच्या प्लॉटांवर पाइपाच्या टोकाला चकचकीत गोळा लावून फिरते, मधेच थांबते, गोळ्यात बघते, वहीत काहीतरी लिहिते. लातूरच्या माणसाला एवढं पुरे होतं. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ नारळ आणि हळदकुंकू घेऊन थेट आमच्या जिन्यात उभे. "ताई, दोन बोअर फेल गेले. तिसऱ्याला पॉइंट तुमच्याच हातचा पायजे."

ताई म्हणाली, "काका, मले पाण्यातलं काही कळत नाही. मी ऊन बघत राहते."

ते नारळ ठेवून गेले. जाताना मम्मीला हळूच म्हणाले, "लई मोठी बाई हाय. कबूलच करंना!"

खरं एवढंच आहे की तो गोळा जिन्याच्या कठड्यावर बसवतात तसला स्टीलचा आहे, फॅब्रिकेशनवाल्याकडून आणलेला. त्यात प्लॉटवरचं आभाळ, सूर्य, शेजारची भिंत, खालचा मुरूम, सगळं वाकडं होऊन मावतं. ताई त्याचा फोटो काढते आणि कॉम्प्युटरला देते. मग अजून बांधलंच नाही अशा घराच्या चित्रावर त्याच जागेचं ऊन पडतं. बिल्डरांच्या बोर्डावर घरं असतात ना, पुढं गाडी, गाडीपुढं झाड, ती चित्रं करणं हा तिचा धंदा.

ताई हदगावची. तिचे वडील, भीमा, लोकांच्या घरांना रंग द्यायचे. पहिला हात वाळला की पोरीला खोलीच्या मधोमध उभं करायचे. "सांग, कोणता कोपरा येगळा दिसून राहिला?" तिनं चुकीचा कोपरा दाखवला की सांगायचे, "आणखी बघ." बाकी काही शिकवलं नाही म्हणे. हे वाक्य ताई आता माझ्यावर वापरते. एकदा तिनं मला प्लॉटवर नेऊन कोरा कागद मुरमाजवळ उभा धरायला लावला.

"काय रंग?"

"पांढरा. कागद आहे, ताई."

"आठवून नको सांगू. बघून सांग."

बघितलं. खालची कड लालसर होती. वर आभाळाकडची बाजू निळसर. सगळ्या कागदात पांढरा असा भाग शोधायला लागला. त्या दिवसापासून मला आमच्या घराच्या भिंतीसुद्धा संशयास्पद वाटतात.

ताईचं कायमचं गिऱ्हाईक एकच, मल्लिनाथ शेठ. उदगीरचे. खूश असले की शब्द दोनदा म्हणतात आणि राग आला की त्यांचं वाक्य बिदरकडे, म्हणजे कानडीत, वळतं. त्यांची नवी स्कीम वीस रो-हाऊसची, वीसच्या वीस पूर्वमुखी. ताईनं त्याचं सकाळचं चित्र करून दाखवलं तेव्हा मीही बरोबर होते. शेठ खुर्चीतून उठले.

"अय्यो ताई, हे काय फिकं फिकं! संध्याकाळ टाका. खिडकीत दिवे, पोर्चमधी दिवे, एकदम श्रीमंती! आन् दारावर ऊन पायजे, सोनेरी, झगझग! आन् ही भिंत खालून तांबडी का दिसायलीय?"

"खाली मुरूम हाय, शेठ. ऊन त्याच्यावर पडून भिंतीवर चढते."

"चढू द्या की. बोर्डावर नको."

"दार पूर्वेला हाय. दिवे लागतात तेव्हा सूर्य घराच्या मागं गेलेला राहते. दारावर ऊन कुठून आणू?"

"मग कॉम्प्युटर कशाला हाय? हैदराबादचा एक जण दोन तासात करून द्यायलाय. तुमाला जमत नसंल तर हीबी स्कीम त्याला, पुढलीबी त्याला."

म्हणजे ताईला खोली सोडून, कॉम्प्युटर बांधून हदगावला परत जायला लागलं असतं. तिच्या जागी मी असते तर तिथंच सूर्याला पकडून पश्चिमेला बसवला असता. ताई शांतपणे म्हणाली, "दोन्ही करते. रविवारी साइट ऑफिसात शेजारी शेजारी लावा. गिऱ्हाईक ज्याच्यापुढं थांबल, ते बोर्डावर."

शेठ म्हणाले, "थांबल थांबल. माझ्याच पुढं थांबल."

घरी आल्यावर मी तिला हा सगळा प्रसंग शेठच्या आवाजात पुन्हा करून दाखवला. हसता हसता तिच्या कपातला चहा बशीत आला. मग मी माझ्या आवाजात म्हटलं, "पण ताई, खरं सांगू? उन्हाकडं कोणी बघत नाही. लोक गाडी बघतात."

"काहून नाही बघत? लाव पैज."

पैज अशी ठरली. रविवारी एका तरी माणसानं, कोणी न विचारता, उन्हाबद्दल तोंड उघडलं तर ताई जिंकली. नाही उघडलं तर ती मला बोर्डावरच्या पहिल्या घराच्या गॅलरीत उभी करणार, केस उडताना. आणि मी हरले तर महिनाभर कोणाचाही आवाज काढायचा नाही. कोणाचाही म्हणजे शेठचासुद्धा. मी हसत हसत हात दिला.

रविवारी दुपारपर्यंत अकरा कुटुंबं आली. शेठच्या चित्रापुढं "वा, दिवाळीच की!" ताईच्या चित्राकडं नुसती मान वळायची, खिडकीतून बाहेर बघावं तशी. मी मनात गॅलरीतली जागासुद्धा ठरवली, उजवा कोपरा. ताई प्लास्टिकच्या खुर्चीत शेंगा सोलत बसली होती. तिच्या तोंडावर काळजीचं नावसुद्धा नव्हतं, त्याचाच मला राग आला.

मग किल्लारीचे नागप्पा आले, बायकोला घेऊन. हात मागं बांधून ते शेठच्या चित्रापुढं उभे राहिले. इतका वेळ की शेठनी दोनदा चहा विचारला.

"दार कुणीकडं म्हणलाव?"

"पूर्वेला, मामा! पूर्वेला!"

"मग दिवे लागल्यात आन् दारावर ऊन कसं? दिवेलागणीला ऊन मावळतीकडनं येतंय. म्हंजे हे दार मावळतीला हाय."

"न्हाई मामा, ते नुसतं चित्र—"

"चित्रात एक सांगायलाव, तोंडानं एक. खरं कंचं धरू?"

त्यांची बायको आम्हाला म्हणाली, "भूकंपात घर गेल्यापासनं ह्यांनी कुणाच्या तोंडचं धरलं न्हाई. पाव्हण्याच्या घरी गेलं तरी आधी भिंत ठोकून बघत्यात."

मघाशी "वा" म्हणून गेलेले दोघे परत आत आले. एकानं मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. शेठचं वाक्य बिदरच्या वेशीत शिरलं होतं.

नागप्पा दुसऱ्या चित्रापुढं सरकले. "हां. हे सकाळचं. दूधवाला येऊन गेल्यावरचं ऊन." मग वाकून भिंतीची खालची कड बघितली. "मुरूमबी हितलाच." आणि शेठकडं वळून, "चला, दाखवा."

"काय दाखवू, मामा?"

"हे घर. फोटू काढलाव म्हंजे बांधलंच आसंल की. किल्ली घ्या."

शेठ खरंच खिसे चाचपायला लागले. शेंगांची टरफलं झटकत ताई उठली. "मामा, घर अजून व्हायचं हाय. हे मी केलं."

नागप्पांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा चित्राकडं. "आन् ऊन?"

"ऊन हितलंच हाय."

 चित्राजवळ जाऊन त्यांनी बोटानं भिंत ठोकून बघितली, कागदाचा आवाज आला, आणि ते पहिल्यांदा हसले.

शेठनी आपलं चित्र स्वतःच्या हातानं काढलं आणि तोंड भिंतीकडं करून ठेवलं. "ताई, बोर्डावर सकाळच जाऊ द्या. पुढल्या स्कीमचं ऊनबी तुमीच बघा." एकदाच म्हणाले. म्हणजे मनापासून होतं.

ताईनं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

महिना फार मोठा असतो. बाविसाव्या दिवशी तर नारळवाले गृहस्थ पुन्हा जिन्यात उभे. "ताई हायत का? तिसरा बोअर—" त्यांच्याच आवाजात उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ते गिळलं आणि माझ्या साध्या आवाजात सांगितलं, "ताई ऊन बघायला गेलीय."

त्यांनी डोळा मिचकावला. "कळलं, कळलं."