बसूचं हलकं फ्लायव्हील

जळकं ऑइल न्यायला आमच्या गॅरेजात माणूस येतो. किस्से न्यायला कुणीच येत न्हाई, म्हणून ते साचत राहतात! एकट्या बसूचेच एवढे झालेत की आज थोडे तुमच्या गळ्यात मारतो.

बसवकल्याणच्या रोडवर माझं गॅरेज. बसू माझा दोस्त, लगीन ठरलेला. कडगंचीच्या सुवर्णाला सांगून बसलेला, "वरातीत गाडी मीच चालवीन, दारात तुला मीच उतरवीन!" आन मग आला माझ्याकडं.

"अण्णा, हलकं फ्लायव्हील बसव. इंजिन लगेच उठतंय म्हणं."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनमागचं जड चाक. त्याच्या वजनामुळं गाडी हळू चालताना इंजिन बंद पडत न्हाई. मी म्हटलं, "बाबा, लगेच उठतंय तसं लगेच बसतंय बी. तुला वरात काढायचीय का रेस?"

"दोन्ही!"

*

बसूचे वडील, अप्पा, तुरीचे व्यापारी. नवं चाक आलं तसं त्यांनी थेट काट्यावर ठेवलं. मग जुनं ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"माल निम्मा, भाव दुप्पट? असं गिऱ्हाईक मला कामून भेटत न्हाई रे!"

जुनं चाक त्यांनी दुकानात नेलं नि पोत्यांवरच्या ताडपत्रीवर ठेवलं. आता वाऱ्याला ताडपत्री उडत न्हाई म्हणून लई खूश होते.

*

ट्रायलला बसू एकटाच मुडबीकडं गेला. स्पीडब्रेकर आला की गाडी बंद! स्टॉपवरच्या एका अक्काला वाटलं, आपल्यासाठीच थांबला. बसली. पुढच्या ब्रेकरवर तिची नणंद चढली. मुडबी आली तवा डिकीत शेळी होती!

"लई गुणाचं पोरगं," अक्का सगळ्यांना सांगायली, "हात बी करावा लागत न्हाई."

*

मी चिडलो. "जुनं चाक आण. बदलून देतो."

"न्हाई अण्णा. हलक्या चाकाचं बी तिला सांगून बसलोय. आता माघार घेतली तर काय म्हणंल?"

"आन वरातीत बंद पडली तर?"

"रेस देत राहीन."

मला खरंच काळजी लागली. कार्टं हट्टी, पण त्या पोरीवर लई जीव त्याचा.

*

वरात निघाली. पुढं बँड, मागं मुंगीच्या चालीनं गाडी, बसूशेजारी सुवर्णा. रेस दिली की गाडी बँडवाल्याच्या अंगावर, सोडली की बंद! बँडवाला वैतागून म्हणाला, "नवरदेव, एक कायतरी ठरवा!"

वेशीच्या आतल्या चढावर तर गाडी हलेचना. बसूचे डोळे भरून आले. सुवर्णाला उतरवायचीही सोय न्हाई. आमच्यात वेशीतून आत आलेल्या नवरीनं दारापर्यंत पाय भुईला लावायचा नसतो. शेवटी बसूच उतरला नि आमच्यासंगं ढकलायला लागला.

सुवर्णा शालू सावरत स्टिअरिंगवर सरकली. बापाचा ट्रॅक्टर चालवलेली पोर ती! अर्ध्या क्लचवर, नेमकी रेस धरून अशी काढली गाडी, की ढकलणारे आम्ही तोंडावर पडलो. बँड बाजूला पळाला. गाडी थेट दारात!

सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. "अगं, माझा बसू कुठाय?"

"यायलेत मागून पळत," सुवर्णा खिडकीतून म्हणाली. "मी मात्र पाय भुईला लावला न्हाई बरं, आत्या!"