लिटरला बारा

“लिटरला आठ देते. उरलेलं मला देते.”

गाडीबद्दल कुणी काही विचारलं की साहेबांचं हे उत्तर ठरलेलं असे. पहिला प्रश्न कोणता असणार, ते तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्याकडे कुणाच्या दारात विमान उतरलं तरी लोक आधी ॲव्हरेज विचारतील. साहेब प्रश्न पुरा होऊ देत नसत. ‘उरलेलं मला’ म्हणताना अंगठा छातीला टेकवत आणि जरासे लाजत.

नागापूरच्या एमआयडीसीत आमचा गिअर बनवायचा कारखाना आहे. मी ग्राइंडिंगला, ते तपासणीला. काचेच्या थंड खोलीत बसून ते आमचा माल मोजत. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक पडला तरी माल परत. पाठीमागे सगळे त्यांना ‘मायक्रॉन’ म्हणत, समोर साहेब. पण माल परत करताना ते कधी चिडलेले मला आठवत नाहीत. स्वतः ट्रे उचलून मशीनपाशी आणत आणि म्हणत, “हे दोघं रुसलेत. बघा जरा.”

अशा माणसानं पन्नाशी ओलांडल्यावर पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारं, दोनच सीटा, गडद हिरवा रंग. इतकी बुटकी की गेटवरच्या स्पीडब्रेकरवरून तिरकी काढावी लागे, तरी पोट घासायचंच. आमचे वॉचमन मामा खुर्चीतून न उठता म्हणायचे, “आली बघा घोरपड.”

ती झाकून ठेवून सणावाराला काढायची गाडी नव्हती. रोज तीच. साहेबांच्या पत्नी शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणत. बाईंची शाळा तिसगावच्या बाजूला, म्हणून घर तिकडं. सकाळी करंजी घाट चढून नगर, नगर ओलांडून नागापूर. संध्याकाळी तोच घाट उतरून घरी. रविवारी त्याच गाडीतून दोघं चर्चला. मी त्याच रस्त्यानं पाथर्डीहून मोटरसायकलवर येत-जात असे, त्यामुळे ती हिरवी पाठ मला रोज दिसायची आणि पाच मिनिटांत दिसेनाशी व्हायची.

एकदा मोटरसायकल दुरुस्तीला टाकली होती, तेव्हा साहेबांनी तिसगावला मला गाडीत घेतलं. घाटापर्यंत ते बाईंच्या शाळेबद्दल, पावसाबद्दल बोलत होते. पहिलं वळण आलं आणि बोलणं थांबलं. त्यांनी गिअर एक खाली घेतला, इंजिनाचा आवाज माझ्या पाठीच्या कण्यातून वर चढला, आणि गाडी वळणात अशी शिरली की रस्ता तिच्यासाठीच कापून ठेवला असावा. काटा पाहिला, वेग फार नव्हता. “आता हे बघा,” एवढंच ते पुटपुटत, प्रत्येक वळणाआधी. एकाही वळणात त्यांनी स्टेअरिंग दोनदा सावरलं नाही. मला वाटलं, हा माणूस इथंही मोजतोच आहे. फक्त इथं माल पास होतो आहे, आणि रोज सकाळी एवढं एक सुख घेऊनच तो त्या काचेच्या खोलीत जाऊन बसतो.

वर पोचल्यावर ते म्हणाले, “पेट्रोल जातं हो. पण काय जळतंय ते कळतं तरी.”

बाईंना मात्र त्या आवाजाचा धसका होता. जूनमधल्या एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. साहेब बाहेर गाडी पुसत होते. बाई भाकरी थापता थापता खालच्या आवाजात म्हणाल्या, “भाऊ, मी ह्यांना अट घातलीय. चार महिन्यांत लिटरला बारा दिले तर गाडी राहील. नाहीतर विकायची.”

“बारा कशी देईल, बाई?”

“सावकाश चालवली की देईल. शाळेतल्या एका सरांना विचारलं मी. वेग कमी करा म्हटलं की हे ऐकत नाहीत. आकडा दिला की ऐकतात.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “पेट्रोलचं मला काही नाही. माणूस घरी आला पाहिजे.”

मला ती युक्ती फार शहाणपणाची वाटली. मी तसं म्हणालोही.

अट साहेबांनी मनावर घेतली. ते दुसरं काय करणार होते? माणसाला मोजायला सांगितलं होतं. दर वेळी टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, भागाकार करायचा. मी रस्त्यात त्यांना गाठू लागलो, हीच नवलाची गोष्ट होती. साठच्या वेगानं ट्रकच्या मागं ते निमूट चाललेले असत, काचा वर, एसी बंद, कपाळावर घाम. घाट चढताना गिअर खाली घेत नसत. गाडी धडधडत, नाराजीनं चढे. लिटरला साडेनऊ झाले. मग साडेदहा. चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता, पण एक प्रकारची धार आली होती. जेवणाच्या सुट्टीत ते पूर्वी गप्पा मारत, आता डबा उघडा ठेवून वहीत बघत बसत.

अकराला गाडी अडकली. पुढं सरकेना. कॅन्टीनमध्ये ते माझ्यासमोर बसले होते आणि मी सहज बोलून गेलो. अगदी सहज.

“साहेब, मी तर उतार लागला की गाडी बंदच करतो. न्यूट्रल. करंजी येईस्तोवर एक थेंब जळत नाही.”

“बंद करता?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “चावी फिरवून?”

“हां. आमच्याकडं सगळेच करतात.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी चहा संपवून मशीनवर गेलो. आपण एका मोटरसायकलवाल्यानं चारचाकीवाल्याला काय सांगितलं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

त्यानंतर ज्या गोष्टी दिसत गेल्या, त्या मी एकेक पाहिल्या आणि एकेक सोडून दिल्या. डिकीतलं जादा चाक त्यांनी घरी काढून ठेवलं, जॅकही. “तेवढंच वजन कमी.” एक दिवस गाडीला टेकून उभा होतो, तर टायर पायाला दगडासारखं लागलं. हवा बरीच जास्त भरली होती. “जमिनीला कमी घासतं,” साहेब म्हणाले. मी म्हटलं, “उडेल ना गाडी?” ते म्हणाले, “साठवर कशाला उडेल?” पटण्यासारखंच होतं ते.

वॉचमन मामा एकदा म्हणाले, “साहेबांची गाडी आता आवाजच करत न्हाई. मागं येऊन उभी ऱ्हाती तवा कळतं. मला न्हाई बरं वाटत ते.”

खरं होतं. फाटकाच्या अलीकडचा हलका उतारही ते वाया घालवत नव्हते. बंद गाडी घरंगळत आत येई. अशाच एका सकाळी कॅन्टीनच्या मावशी चहाची किटली घेऊन शेडमधून बाहेर पडल्या, पाठ गाडीकडं. आवाज नाही, त्यामुळे त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पाहत होतो. गाडी मावशींच्या साडीपासून वीतभर अंतरावर थांबली. मावशींना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या तशाच चालत गेल्या.

साहेब उतरले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. “ब्रेक जड लागला,” ते मला म्हणाले. “पहिल्यांदा दाबला तेव्हा ठीक होता. दुसऱ्यांदा जड. तिसऱ्यांदा दाबला तर उभाच राहिलो पेडलवर.”

“दाखवून घ्या कुणाला तरी.”

“घेतो. महिना जाऊ दे. सध्या आकडा चांगला चाललाय.”

मी आयुष्यभर यंत्रावर काम केलेला माणूस. एवढ्या खुणा पाहून मला कळायला हवं होतं. चारचाकीचा ब्रेक हलका असतो तो चालू इंजिनाच्या जोरावर. इंजिन बंद केलं की शिल्लक जोर दोन-तीन दाबांत संपतो आणि मग पेडल हलत नाही. मोटरसायकलला यातलं काही नसतं, म्हणून मी वीस वर्षं बंद गाडीवर घाट उतरून जिवंत होतो. पण मी तेव्हा थांबून विचार केला नाही. मला कामाला लागायचं होतं.

आमच्या पाथर्डी भागातून ऊसतोडीची माणसं निघाली की घाट भरून जातो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं. ते घाट चढत असतात आणि आम्ही उतरत असतो. त्या संध्याकाळी सूर्य अजून वर होता. घाटाच्या माथ्यावर मी चहाला थांबलो होतो. साहेबांची गाडी आली, माथ्यावर क्षणभर रेंगाळली, आणि तिचा आवाज बंद झाला. मग ती उताराला लागली. टपरीवाला पाठमोरा होता. त्याला गाडी गेल्याचंही कळलं नाही.

मी पैसे देऊन निघालो. दोन वळणं उतरलो तर खाली माणसं रस्त्यावर धावत होती.

एक ट्रॅक्टर चढावर बंद पडला होता. ट्रॉलीतल्या बायका-पोरं उतरून रस्त्यावर उभी होती, आणि त्याच वेळी एक जीप त्याला ओलांडून वर येत होती. सगळा रस्ता भरलेला. साहेबांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली होती. खडकाला घासत ती चाळीस-पन्नास फूट गेली आणि गटारात कलंडली. हँडब्रेक वरपर्यंत ओढलेला होता. रस्त्यावर टायरांच्या दोन काळ्या रेघा होत्या, शेवटपर्यंत सरळ. रस्त्यावरच्या कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं.

लोकांनी त्यांना बाहेर काढून गोधडीवर ठेवलं होतं. ज्या बाईची गोधडी होती ती त्यांचं डोकं धरून बसली होती. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, “आवाजच न्हाई वो आला. गाडी येतीय म्हून कळलंच न्हाई. लेकरू हितंच उभं हुतं माजं.”

साहेबांनी मला ओळखलं. मी खाली वाकलो.

“लागलं का कुणाला?”

“नाही साहेब. कुणालाच नाही.”

त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. “पेडल हललंच नाही,” ते म्हणाले. “चावी फिरवायची होती मला. हात गेला होता तिथं.” थोड्या वेळानं अगदी कामाच्या सुरात म्हणाले, “आज बारा भरले असते.”

त्याच जीपमधून आम्ही त्यांना नगरला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

दफनाला सगळा कारखाना आला होता. दफनभूमीच्या फाटकापाशी दोघे-तिघे हळू बोलत होते, “असल्या गाड्या आपल्या रस्त्याला नाहीत. किती जोरात चालवायचे.” वर्तमानपत्रातही तसंच आलं, भरधाव म्हणून. पंधरा दिवसांनी एक गॅरेजवाला मोडलेली गाडी उचलायला आला, तेव्हा मी तिथं होतो. चावी बंद होती, ती त्यानं मला दाखवली. “बंद कशाला केली यांनी?” तो म्हणाला. “ही फ्युएल इंजेक्शनची गाडी. उताराला गिअरमध्ये ठेवून नुसता पाय उचलला असता तरी हिनं पेट्रोल आपोआप तोडलं असतं. वर ब्रेकही जागा राहिला असता.”

म्हणजे काहीच वाचत नव्हतं. मी त्या दिवशी घरी घाटानं न जाता लांबच्या रस्त्यानं गेलो.

बाईंकडं जायला मला महिना लागला. त्यांनी दार उघडलं, “जय ख्रिस्त, भाऊ” म्हणाल्या, पाणी दिलं आणि समोर बसल्या. मग सरळ विचारलं, “चावी बंद होती म्हणतात. तुम्हाला काही ठाऊक आहे का?”

मी सगळं सांगितलं. कॅन्टीन, माझी मोटरसायकल, मावशी, जड ब्रेक. गॅरेजवाल्याचं बोलणंसुद्धा सांगितलं; ते लपवून ठेवायचं असं ठरवून गेलो होतो, पण लपवता आलं नाही. बाई हातातल्या पदराच्या टोकाकडं बघत ऐकत होत्या. त्या रडल्या नाहीत. त्या मला बोल लावतील याची मी वाट पाहत होतो, खरं तर मला तो हवा होता.

“बारा मी सांगितलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “चार महिने हे रोज सांभाळून घरी यायचे आणि मी देवाचे आभार मानायचे. गाडी कधी दारात लागली ते कळायचंसुद्धा नाही. मला वाटायचं, किती सावकाश येतात.”

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला होता, बादली भरल्याचा आवाज येत होता.

मी उठलो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. “भाऊ, हे लोकांना सांगू नका. लोक म्हणतात जोरात चालवत होते. म्हणू द्या. ते ऐकून ह्यांना वाईट वाटलं नसतं. दुसरं ऐकून वाटलं असतं.”

इथं मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, ते म्हणून.

काचेच्या खोलीत आता एक तरुण मुलगी बसते. हुशार आहे, माल परत करताना घाबरत नाही. परवा मशीनपाशी येऊन तिनं विचारलं, “आधीचे साहेब अपघातात गेले ना? फार वेगानं चालवायचे म्हणे.”

मी मशीन थांबवलं, हात पुसले.

“हो,” म्हणालो. “फार.”